चोरांसाठी पडलेला वारा

दादाला कुणी विचारलं, की बाबा रे, तुमच्या गेममधली सगळ्यात भारी गोष्ट कोणती, तर तो संगीताचं नाव घेत नसे, गोष्टीचं घेत नसे. ज्या बायकोनं वर्षभर डोळे फोडून त्यातल्या लाटा रंगवल्या होत्या, तिचंही नाव घेत नसे. तो म्हणे, "शेवटच्या बेटावरचा वारा." आणि वर स्वतःच खो खो हसे.

गेम तसा साधा होता. एक बाई शिडाच्या होडीतून एकेक बेट मागे टाकत घरी निघालेली. शेवटच्या बेटावर पोचलं की समोर घरचा किनारा दिसतो, वारा सुटतो, शीड भरतं आणि होडी किनाऱ्याला लागते. पण हे सगळं पैसे मोजणाऱ्यांसाठी. ज्यानं गेम चोरून उतरवून घेतला असेल, त्याला दादा आधी कुठेच अडवत नसे. येऊ दे म्हणावं आरामात, सगळी बेटं बघू दे, त्या बाईवर जीव लावू दे. शेवटच्या बेटावर मात्र त्याच्यासाठी वारा पडलेलाच. घर समोर दिसतंय आणि होडी जागची हलत नाही.

धंद्यात या प्रकाराला डीआरएम असं भारदस्त नाव आहे. यांच्याकडे नुसतं 'कुलूप' म्हणत. बाकीच्यांची कुलपं दारातच दिसतात. दादाचं कुलूप पार आतल्या खोलीत होतं आणि ते कुलूप आहे हे चोराला कळतही नसे. त्याला वाटे, गेममध्येच काहीतरी बिघडलंय. मग तो कंपनीच्या पानावर येऊन चारचौघांत विचारी, "शेवटच्या बेटावर वारा सुटत नाही, काय करू?" झालं! आपल्या पायांनी चालत आला. दादा खाली लिही, "चोराच्या शिडात वारा भरत नाही. विकत घ्या, सुटेल." लोक फिदीफिदी हसत, ते इकडून तिकडे पाठवत, आणि त्या हसण्यापायी चार प्रती जास्तच खपत.

दादाचा राग उगाच नव्हता, हेही सांगायला हवं. त्याचा पहिला गेम बाजारात आला आणि त्याच आठवड्यात त्याच्या चोरट्या प्रती जिकडेतिकडे झाल्या. खेळणारे भरमसाट, विकत घेणारे बोटावर मोजण्याइतके. लोक भेटून कौतुक करत, "काय झकास गेम केलायत हो!" आणि कुठून घेतलात म्हटलं की दात काढत. वहिनीला तेव्हा शाळेत चित्रकला शिकवायची नोकरी धरावी लागली होती. तेव्हापासून चोर हा शब्द ऐकला तरी दादाच्या तळपायाची आग मस्तकात जाई.

कंपनी म्हणजे सायकलदुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या आणि तीन माणसं. दादा प्रोग्राम लिही. वहिनी चित्रं काढी आणि वेबसाइटही बघे. आणि दादाची धाकटी बहीण तयार झालेला गेम पुन्हा पुन्हा खेळून त्यातल्या चुका काढी. भिंतीतून आरपार जाता येतं का, पाण्याखालून होडी चालते का, सगळी बटणं एकदम दाबली तर काय होतं, असले तिचे उद्योग. चूक सापडली की ती दुरुस्त होईपर्यंत दादाच्या खनपटीला बसायची. घरात तिला लहानपणापासून मुंगी म्हणत. चावली की सोडत नाही, म्हणून.

पहिल्या गेममध्ये घाईघाईत एक मोठी चूक तशीच बाहेर गेली होती आणि नाचक्की झाली होती. तेव्हा दादानंच कानाला खडा लावला होता: मुंगीचा होकार असल्याशिवाय काहीही बाहेर जाणार नाही. कॉम्प्युटरमध्येच तशी सोय करून टाकली. तिनं तिच्या खात्यातून हिरवं बटण दाबलं नाही, तर मालकाचंही काही चालत नसे.

एक गोष्ट मात्र मुंगीच्या वाट्याला कधी आली नव्हती. तक्रारीच्या मेलमध्ये 'वारा' दिसला की तो मेल आपोआप वेगळ्या पेटीत जाऊन पडे. पेटीचं नाव दादानं ठेवलं होतं 'चोरबाजार'. ती कुणी उघडत नसे. चोरांची गाऱ्हाणी कशाला वाचत बसायची?

मग एके सकाळी फोन वाजला.

"होडीच्या गेमची कंपनी ना?" पलीकडे बाईचा आवाज होता. "मी ती चोर बोलतेय."

"कोण?" मुंगी म्हणाली.

"तुम्ही माझ्या फोटोखाली चोर म्हणून लिहिलंत ना मागच्या आठवड्यात? तीच मी."

मुंगीला लगेच आठवलं. न आठवायला काय झालं. आजवरच्या सगळ्या थट्टांमध्ये ती थट्टा सगळ्यात लांब गेली होती. फोटोत पांढरा एप्रन घातलेल्या, साध्या चेहऱ्याच्या बाईनं लिहिलं होतं, "शेवटच्या बेटावर वारा सुटत नाही. आमचे आजोबा रोज विचारतात. माझं काही चुकतंय का?" दादानं खाली नेहमीचं वाक्य टाकलं, वर 'सिस्टर' असं जोडून. मग लोकांना चेवच चढला. पेशंटची औषधंही अशीच आणता का सिस्टर, पेशंटच्या अंगठ्या मोजून ठेवा रे कुणीतरी, एक ना दोन. बाईनं पावतीचा फोटो टाकला, तर लोक म्हणाले पावतीही बनावट. मुंगीही त्या दिवशी हसली होती.

"बोला," ती आता म्हणाली.

सिस्टर न थांबता, न रडता बोलल्या. एका ब्यूरोमार्फत त्या आजारी माणसांच्या घरी जाऊन शुश्रूषा करत. सध्या एका आजोबांकडे होत्या. आजोबांचं सगळं आयुष्य जहाजाच्या इंजिनखोलीत गेलेलं. आता अर्धांगवायूनं एक बाजू गेली, वाचाही गेली. दिवसभर छताकडे बघत पडायचे. म्हणून सिस्टरनी स्वतःच्या पैशानं हा गेम घेतला आणि आजोबांच्याच जुन्या कॉम्प्युटरवर लावला. आजोबा चालत्या हाताच्या बोटानं दाखवत, सिस्टर होडी वळवत. चांगलं चाललं होतं. मग ते शेवटचं बेट आलं.

"घरच्या सूनबाईंच्या नात्यातल्या कुणीतरी तुमचं ते लिहिलेलं त्यांना पाठवलं," सिस्टर म्हणाल्या. "ब्यूरोनं मला कामावरून उतरवलंय. सोमवारपासून आजोबांकडे दुसरी बाई येणार. आणि मॅडम, मला दुसरं घर मिळणार नाही. लोक आमच्या हातात अख्खं घर सोपवून कामाला जातात. चोर म्हटलेल्या बाईला दारात तरी कोण उभं करेल?"

"तुम्हाला आमच्याकडून काय हवंय?"

"मी चोरी केली की नाही, ते शोधा. नीट शोधा. मी थांबते."

मुंगीनं फोन ठेवला आणि विक्रीची नोंद काढली. गेम रीतसर विकत घेतलेला होता. तिनं तसं दादाला सांगितलं.

"घेतला असेल," दादा मान वर न करता म्हणाला. "उतरवून कुठे घेतला?"

"त्यांच्या भाच्याच्या कॉम्प्युटरवर. तिथून पेनड्राइव्हवर नेला. आजोबांच्या खोलीत इंटरनेट नाही."

"पेनड्राइव्ह!" दादानं टाळीच वाजवली. "सापडली की नाही? एकानं घ्यायचा आणि पेनड्राइव्हवरून गावभर वाटायचा."

"'इंटरनेट नसलं तरी चालेल, पेनड्राइव्हवर न्या', असं आपल्याच वेबसाइटवर आहे," वहिनी आपल्या लाटांमधून बोलली. "मीच लिहिलंय. तू सांगितलंस म्हणून."

दादा किंचित ओशाळला, पण हटला नाही. "तरी कुलूप चुकत नाही. तिनं वर चोरटी प्रत घातली असेल."

"कुलूप चुकत नाही हे तपासलं कुणी?"

"तूच तपासलंस की."

"चोर अडकतो का, ते मी तपासलं. साव अडकतो का, ते कधी तपासलंच नाही. तू सांगितलं नाहीस आणि मलाही सुचलं नाही."

हे बोलताना तिचं तिलाच वाईट वाटलं. सगळ्या भिंतींना डोकं लावून बघणारी बाई आणि हीच एक भिंत कशी राहिली? दिवसभर ती त्यामागे लागली. पेनड्राइव्हवरून गेम लावला, इंटरनेट तोडलं, आतल्या खोलीतला अडगळीतला कॉम्प्युटर पुसून त्यावर लावला. दर वेळी शेवटच्या बेटावर वारा मस्त सुटला.

"झालं समाधान?" संध्याकाळी दादानं विचारलं.

"नाही," मुंगी म्हणाली. "तो कॉम्प्युटर बघितल्याशिवाय होणार नाही."

दुसऱ्या दिवशी ती आजोबांच्या घरी गेली. दार सूनबाईंनी उघडलं. हातात औषधाचा, मापाच्या खुणा असलेला पेला, केस कसेतरी बांधलेले. सिस्टर गेल्यापासून सगळं त्यांच्याच अंगावर पडलेलं दिसत होतं. मुंगीनं कंपनीचं नाव सांगताच त्यांचा चेहरा आक्रसला.

"तुमच्याच कंपनीनं तिला चोर म्हटलं ना? मग आता काय बघायला आलात?"

"आम्ही चुकलो की काय, ते बघायला आलेय."

"असं म्हणण्याआधी बघायचं असतं," सूनबाई म्हणाल्या. पण दारातून बाजूला झाल्या.

आजोबांची खोली लहान आणि स्वच्छ होती. पलंग, खिडकीत वाळत घातलेला पंचा, पायांशी टेबल, टेबलावर तो कॉम्प्युटर. असला कॉम्प्युटर मुंगीनं अलीकडे भंगारातही बघितला नव्हता. सूनबाईंनी भिंतीवरचं बटण सुरू केलं तेव्हा तो विमान उडावं तसा घोंघावला. आजोबांनी मान वळवून आधी मुंगीकडे आणि मग तिच्या मागे दाराकडे बघितलं. मागे कुणी नव्हतं.

मुंगीनं गेम सुरू केला. शेवटचं बेट. शीड लोंबलेलं, पाणी सपाट. खरंच वारा नव्हता. आजोबांनी बोट उचललं आणि समोरच्या किनाऱ्याकडे दाखवलं. हे म्हणजे इंजिन बंद पडलेल्या जहाजाकडे बघणारे डोळे होते. त्यात राग होता.

तिनं गेमच्या फाइली तपासल्या. एकूण एक फाइल अस्सल, चोरटेपणाचा मागमूस नाही. पावतीची फाइलही जागेवर. मग वळचणीला पडलेली एक साधीच गोष्ट तिच्या नजरेत आली. खेळ जिथपर्यंत आला तिथली नोंद गेम आपोआप करून ठेवतो. या नोंदींवरच्या तारखा बघितल्या, तर दादाची कंपनी निघायच्या कितीतरी आधीच्या! हा गेम कुणाच्या स्वप्नातही नव्हता, तेव्हापासून सिस्टर तो खेळत होत्या म्हणायचं. तिनं पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे बघितलं. तिथेही तेच जुनंपानं वर्ष.

"हा रात्री बंद करता का तुम्ही? भिंतीवरून?"

"रोज करते. वायर जुनी आहे, उगाच जोखीम नको," सूनबाई म्हणाल्या. "सकाळी लावला की तारीख भलतीच दाखवतो. पण तारखेशी कुणाला काय करायचंय?"

दादाच्या कुलपाला करायचं होतं. मुंगीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गेमचा एक फुकट नमुना होता, थोडे दिवस चालून बंद पडणारा. त्यालाही उतरवल्या दिवसाची पावती मिळे. फुकटे लोक कॉम्प्युटरची तारीख मागे नेऊन तो अमर करत. त्यांना पकडायला दादानं अट घातली होती: पावतीची तारीख कॉम्प्युटरमधल्या तारखेच्या पुढची निघाली, तर पावती खोटी आणि माणूस चोर. इथे घड्याळ चालू ठेवणारा आतला रुपयाएवढा सेल संपलेला. घड्याळ रोज सकाळी कित्येक वर्षं मागे जाऊन उभं राहायचं आणि सिस्टरची खरी पावती रोज खोटी ठरायची. कंपनीतले सगळे कॉम्प्युटर नवेकोरे. अडगळीतल्याचीही तारीख चोख. असला बिघाड तिथे जन्मात दिसला नसता.

तिनं तारीख दुरुस्त केली, गेम पुन्हा लावला. शिडाची कड हलली. तेवढ्यात आजोबांच्या घशातून घरघर आवाज आला. त्यांनी तळवा उभा धरला होता. थांब.

"काय झालं?" मुंगी घाबरली.

सूनबाईंनी सासऱ्यांकडे बघितलं. "त्यांना सिस्टर हव्यात," त्या हळूच म्हणाल्या. "तुमच्या हातून नको म्हणतायत."

मुंगीनं गेम बंद केला. दोघी बाहेर आल्या.

"म्हणजे तिनं चोरी केली नाही?"

"नाही. एक पैसाही बुडवला नाही. चूक आमची."

सूनबाई खुर्चीत बसल्या आणि त्यांनी कपाळ चोळलं. "मला वाटलंच होतं हो. पण वाटून काय उपयोग? आमच्या अख्ख्या नात्यात ते फिरलंय. ब्यूरोच्या मॅडमनी वाचलंय. मी तिला तशीच परत घेतली आणि उद्या घरातली एक वस्तू इकडची तिकडे झाली, तर सगळे मलाच विचारतील. मला एकटीला येऊन सांगू नका. जिथे बोललात तिथे बोला."

परत आल्यावर मुंगीनं काही वाद घातला नाही. दादाच्याच कॉम्प्युटरची तारीख मागे नेली, दादाचीच प्रत लावली आणि त्याला खेळायला बसवलं. शेवटच्या बेटावर गेमच्या खुद्द बापासाठी वारा पडला. दादानं त्या लोंबत्या शिडाकडे बघितलं. मग कामाला लागला. कुलपातली तारखेची अट त्यानं काढून टाकली आणि दुपारपर्यंत नवी आवृत्ती तयार केली.

"घे. दुरुस्त. दाब बटण." त्याला घाई होती. एका मोठ्या ऑनलाइन दुकानानं त्यांचा गेम पहिल्या पानावर मांडायचं कबूल केलं होतं आणि नवी आवृत्ती रविवारच्या आत पोचवायची होती. असला मान त्यांना पहिल्यांदाच मिळत होता.

"नाही दाबणार," मुंगी म्हणाली.

"आता काय राहिलं?"

"एक चूक अजून बाहेर फिरतेय. सिस्टरच्या फोटोखाली."

"अगं, मी त्यांना मेल करतो ना! माफी मागतो, पुढचा गेम फुकट देतो."

"मेल त्या एकट्या वाचतील. चोर चारचौघांत म्हटलंस."

दादा उठून उभा राहिला. "तुला कळतंय का तू काय सांगतेयस? आपलं कुलूप चुकतं हे मी जाहीर कबूल केलं, की उद्या प्रत्येक चोर म्हणेल, माझं घड्याळ बिघडलंय. आपल्यावर हसतील. पहिल्या गेमचं काय झालं ते विसरलीस? वहिनीला विचार, शाळेत खडू उगाळताना कसं वाटत होतं."

हे खोटं नव्हतं आणि मुंगीला ते ठाऊक होतं. पण तिनं त्याच्यासमोर चोरबाजाराची पेटी उघडली. पत्रांची ही रास. वहिनी आपलं काम सोडून आली आणि एकेक मोठ्यानं वाचू लागली. पुष्कळशी पत्रं उघड उघड चोरांची होती. एकानं तर 'फुकटात घेतलाय म्हणून काय अर्धाच खेळायचा?' असा जाब विचारला होता, त्यावर तिघंही हसली. मग वहिनीचा आवाज मंदावत गेला. कुणी लिहिलं होतं, माझा कॉम्प्युटर जुना आहे, त्यामुळे असेल का? कुणी पावती जोडली होती. कुणी पावती जोडून दुसऱ्यांदा लिहिलं होतं. आणि एका माणसानं लिहिलं होतं, की माझ्याच हातून काहीतरी चुकलं असेल, क्षमस्व.

"पुरे," दादा म्हणाला.

"पुरे कसं?" मुंगीचा आवाज चढला. "दादा, गेममध्ये खोटी चूक आपणच घातली. आता खरी चूक आली तरी आपल्याला ओळखता येत नाही. मग मी इथे कशाला बसलेय? आणि चोराला अडवायचं तर खुशाल अडव. दारात अडव, तोंडावर सांग, विकत घे म्हणून. घर दाखवून मग बुडवायचं, हे काय आहे? त्या सापळ्याचं तुला प्रेम जडलंय. तो काढ. सिस्टरचं नाव घेऊन चूक कबूल कर. मग मी बटण दाबते."

"नाही म्हणजे नाही. नियम माझा आहे, मी तो बदलेन."

"बदल," वहिनी म्हणाली. "आणि लाटा काढायलाही दुसरं कुणीतरी बघ."

दादानं दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. दोघींपैकी एकीच्याही चेहऱ्यावर थट्टा नव्हती. तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. खाली दुकानात कुणीतरी चाकाला हवा भरत होतं. बऱ्याच वेळानं आत आला आणि तोंड पाडून कुलपाच्या प्रोग्राममध्ये शिरला. वाऱ्याचा सापळा त्यानं ओळीओळीनं पुसला. त्याच्या जागी पहिल्याच पडद्यावर एक साधा निरोप आला: ही प्रत विकत घेतलेली दिसत नाही; तसं नसेल तर आम्हाला फोन करा. खाली कंपनीचा नंबर.

"सिस्टरना मात्र मी समोर भेटून बोलतो," तो म्हणाला. "मग काय ते लिहितो."

शनिवारी दादा आणि मुंगी लॅपटॉप घेऊन आजोबांच्या घरी गेले. मुंगीच्या सांगण्यावरून सूनबाईंनी सिस्टरनाही बोलावलं होतं. त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या, बाहेरच्या कपड्यांत, पर्स मांडीवर. पाहुण्यासारख्या. इतके दिवस ज्या घरात त्या डोळे मिटून चमचा काढू शकत होत्या, तिथे त्यांनी पाणीसुद्धा मागितलं नव्हतं.

दादानं घसा साफ केला. "काय झालं सिस्टर, की एक तांत्रिक अडचण..."

"लिहून आणलंय का?"

त्यानं लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला. सिस्टरनी सावकाश वाचलं. "काही तांत्रिक कारणांमुळे काही ग्राहकांची गैरसोय झाली, त्याबद्दल दिलगीर आहोत." त्यांनी मान वर केली. "यात मी कुठे आहे?"

"काही ग्राहक, त्यात तुम्ही आलातच की."

"चोर म्हटलंत तेव्हा मी काही ग्राहक नव्हते. माझ्या फोटोखाली म्हटलंत. तिथेच लिहा. मी सांगते तसं लिहा."

दादानं मुंगीकडे पाहिलं. मुंगी भिंतीकडे बघत होती. त्यानं लॅपटॉप आपल्याकडे ओढला.

"या बाईंनी चोरी केलेली नाही," सिस्टर म्हणाल्या.

दादानं लिहिलं.

"गेम त्यांनी विकत घेतला होता. पावती खरी होती."

लिहिलं.

"चूक कुणाची, ते लिहा."

"चूक आमच्या कंपनीची," दादा पुटपुटत लिहू लागला.

"कंपनीनं नाही लिहिलं. तुम्ही लिहिलंत."

दादाची बोटं थांबली. सूनबाई दाराशी उभ्या होत्या. आतल्या खोलीत आजोबा खोकले. दादानं 'कंपनीची' पुसलं, 'माझी' लिहिलं आणि आपलं पूर्ण नाव खाली घातलं. "मी न तपासता यांना चोर म्हटलं," हे वाक्य त्याला कुणी सांगितलं नव्हतं. ते त्यानं आपणहून जोडलं. घड्याळामुळे कुलूप कसं चुकलं, तेही लिहिलं. मग पाठवलं.

सूनबाईंनी स्वतःच्या फोनवर ते वाचलं, नात्यातल्या लोकांना पाठवलं आणि तिथेच उभ्या राहून ब्यूरोला फोन लावला. "मॅडम, सोमवारी कुणाला पाठवू नका. आमच्या सिस्टर आल्यात." सिस्टरनी पर्समधून एप्रन काढून अंगावर चढवला आणि हात धुवायला गेल्या.

तेवढ्यात लॅपटॉपवर लोकांचं सुरू झालं होतं. "घाबरला वाटतं." "बाईनं किती चारले रे?" "म्हणजे आता आपलंही घड्याळ बिघडलेलंच समजा, हा हा." "कुलूपवाल्याचंच कुलूप निघालं." एकाखाली एक, एकाखाली एक. दादाचे कान लाल झाले. त्यानं लॅपटॉपचं झाकण अर्धं खाली आणलं.

"बंद करू नका," हात पुसत आलेल्या सिस्टर म्हणाल्या.

"मूर्ख आहेत हो. काय वाचायचं त्यात?"

"माझ्याखाली लिहिलेलं मी सगळं वाचलं. एकेक. लोक अजून मला चोर म्हणत असतील, तर त्यांना नाही म्हणून कोण सांगणार? मी सांगितलं तर ऐकत नाहीत, बघितलंत ना तुम्ही. तुम्ही सांगा."

दादानं झाकण पुन्हा उघडलं. पहिल्या माणसाला त्यानं लिहिलं, नाही, त्या चोर नाहीत, चूक माझी आहे. दुसऱ्याला तेच लिहिलं. तिसऱ्याला लिहीपर्यंत खाली आणखी चार जण आले होते. मुंगीनं त्याच्या शेजारी खुर्ची ओढली, पण त्यानं लॅपटॉप तिच्याकडे सरकवला नाही.

"असं किती वेळ लिहीत बसायचं?" त्यानं मान वर करून विचारलं. रागानं नाही, खरोखरच कळत नसल्यासारखं.

"मला कुणी सांगितलं होतं, किती वेळ वाचायचं ते?" सिस्टर म्हणाल्या, आणि आजोबांची कूस बदलायला आत गेल्या.